तारीखकाकांचा रिकामा रकाना

तारीखकाका आमच्या कचेरीत आले ते पंधरा दिवसांसाठी. त्याला आता नऊ वर्षं झाली. कोर्टाच्या नोंदणी विभागातून निवृत्त झाल्यावर ते घरी बसून काकूंच्या कामात चुका काढायला लागले, तेव्हा काकूंनीच त्यांना हाताला धरून आमच्याकडे आणलं. "पगार नको, काही नको. फक्त संध्याकाळपर्यंत ठेवून घ्या," त्या म्हणाल्या. आम्ही फुकट खटले लढवणारे वकील, आम्हाला फुकट कारकून चालून आला. मी काकूंना जिन्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचवून आले, त्यांचा विचार बदलू नये म्हणून.

आमची कचेरी म्हणजे सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका खोलीत कपाटं, दुसरीत माणसं. कामाला म्हणून आणून कोंडून ठेवलेल्या बायका येतात. पासपोर्ट मालकाच्या तिजोरीत आणि स्वतः मालकाच्या तळघरात, असे कामगार येतात. कागद नाहीत म्हणून पोलीस दिसला की रस्ता बदलणारे येतात. त्यांच्याकडून आम्ही एक पैसाही घेत नाही, आणि आमच्या खुर्च्या बघितल्या की ते कुणालाही लगेच पटतं.

तारीखकाका हे नाव मी ठेवलं. त्यांना ते ठाऊक आहे, आणि वरवर नाक मुरडलं तरी मनातून आवडतं. त्यांच्या घरी गेलात तर गाळणीच्या दांड्यावर, झाडूच्या मुठीवर, उशीच्या अभ्र्याच्या आतल्या बाजूला बारीक अक्षरात खरेदीची तारीख दिसेल. "माझ्यावर तेवढी टाकायची राहिली आहे," काकू म्हणतात, "आणि तीही राहिली ती माझ्या धाकानं." त्यांची मुलगी लांबच्या शहरात असते. ती फोन करते तेव्हा आधी काकांना आजची तारीख सांगते, मग ख्यालीखुशाली. तेवढ्यानं बाप खूश होतो हे तिला लहानपणीच कळलं होतं.

आमच्याकडे त्यांचं काम जबाब लिहून घेण्याचं. जबाबाच्या कागदावर पाच रकाने: क्रमांक, तारीख, ठिकाण, घटना, साक्षीदार. यातली घटना चौथी आणि तारीख दुसरी, म्हणून काका आधी तारीख विचारत. समोरची बाई सांगायला लागायची, "त्यानं मला दाराआड ओढलं आणि..." की काकांचा पेन वर. "थांब पोरी. तारीख?"

आता ज्या माणसानं वर्षभर सूर्य पाहिला नाही, तो तारीख कुठून सांगणार? पण काका हार मानणाऱ्यातले नव्हते. ते तारीख 'काढत'. नळाचं पाणी गार होतं की कोमट? अंगात स्वेटर होता का? मालक सुट्टीवर जाऊन आला होता की जायचा होता? असं भंडावून सोडत सोडत ते महिन्यापर्यंत यायचे, महिन्यावरून आठवड्यावर, आणि शेवटी डोळे मिटून, बोटांची पेरं मोजून, एक दिवस पक्का करायचे. मग तो टाइप होऊन त्या रकान्यात इतका नेटका बसायचा, की तो खरा नसेल अशी शंकाही कुणाला येऊ नये.

हे मला माहीत होतं. अर्धवट माहीत होतं असं म्हणून मी सुटू शकते, पण नको. सगळे रकाने भरलेला कागद हातात आला की मला बरं वाटायचं, आणि तो कसा भरला हे मी विचारायची नाही. काकांची बाजू सांगायची तर एकतीस वर्षं ते खिडकीच्या पलीकडे बसले होते. एक रकाना रिकामा म्हणून त्यांनी स्वतः हजारो अर्ज परत केले होते. तो परत आलेला अर्ज घेऊन माणसं पुन्हा रांगेत उभी राहताना त्यांनी पाहिली होती. आपल्या माणसाचा अर्ज परत येऊ नये, एवढाच त्यांचा हट्ट.

अशात धाकटी आली.

नाव सांगायला ती घाबरली. "घरी सगळे धाकटी म्हणतात," एवढंच म्हणाली. पाच बहिणींतली शेवटची. सीमेपलीकडून आलेली, बोली जराशी वेगळी पण सहज समजणारी. गावातल्याच एका एजंटनं हॉटेलात काम आहे म्हणून आणलं, आणि हॉटेलाऐवजी हॉटेलांचे कपडे धुणाऱ्या लॉन्ड्रीच्या तळघरात सोडलं. पासपोर्ट मालकानं काढून घेतला. चौदा तास काम, झोपायला मळक्या टॉवेलांचा ढीग, दाराला बाहेरून कडी. एका सकाळी कपड्यांच्या गाडीतून, चादरींच्या गठ्ठ्याखाली लपून ती बाहेर पडली. डाव्या हाताच्या पंजावर भाजल्याचा मोठा डाग होता. वाफेच्या प्रेसखाली हात सापडला होता, आणि डॉक्टरऐवजी मालकानं टूथपेस्ट दिली होती.

आम्हाला सिद्ध करायचं होतं ते इतकंच, की तिला कोंडून, जबरदस्तीनं राबवलं. सुनावणी अधिकाऱ्यांना ते पटलं तर पासपोर्ट परत आणि इथं राहायचा, काम करायचा परवाना. नाही पटलं, तर पंधरा दिवसांत परतीच्या बसमध्ये. आणि परत म्हणजे कुठे, तर जिथे तो एजंट तिच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो तिथे. त्यानं गावभर सांगून ठेवलं होतं, की पोरगी मालकाचा गल्ला घेऊन पळाली. आमच्या कचेरीतून तिनं घरी तीनदा फोन लावला. तिचा आवाज ऐकला की पलीकडून फोन बंद व्हायचा. तिसऱ्यांदा तिनं फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, "आईच होती."

मग काकांनी जबाब घ्यायला घेतला.

"हात कधी भाजला?"

"लाल टेबलक्लॉथ आले त्या दिवशी."

"तारीख?"

"तारीख नाही माहीत, काका. लाल टेबलक्लॉथ आले ना, त्याच..."

"बरं, गारठा होता का? डाग आता सुकून किती दिवस झाले?"

दोन तासांनी काकांनी १४ मार्च काढली. संध्याकाळी सगळा जबाब तिला वाचून दाखवला, तेव्हा ती खुर्चीतच पेंगत होती. वाचलं त्याला मान डोलावली, दाखवली तिथे सही केली. मी कागद पाहिला आणि काकांना म्हणाले, "काका, फ्रेम करून लावावा असा झालाय." माझी जीभ कधी कधी फार नको तिथे चालते.

पहिल्या सुनावणीला मालकाचा वकील आला तो लग्नाला आल्यासारखा हसतमुख. त्यानं दोन कागद पुढे सरकवले. एक बॉयलर तपासणीचा दाखला, दुसरं लॉन्ड्रीच्या आवक रजिस्टरमधलं एक पान. ११ ते १७ मार्च बॉयलर बंद. वाफ नाही, काम नाही, आत आलेला कपडा नाही.

"बॉयलर बंद, तर वाफेनं हात कसा भाजतो, हे अर्जदारांनी सांगावं," तो म्हणाला. "आणि हे खोटं असेल, तर बाकीचं खरं कशावरून?"

सुनावणी अधिकारी बाई वयस्कर होत्या. त्यांनी चष्मा काढून धाकटीकडे पाहिलं. "तुम्ही ही तारीख दिलीत?"

धाकटीनं माझ्याकडे पाहिलं, मग कागदावरच्या स्वतःच्या सहीकडे. "सही माझी आहे," ती म्हणाली. दहा दिवसांनंतरची पुढची तारीख घेऊन आम्ही बाहेर आलो. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि त्यातली अर्धी तरी माझ्या स्वतःवर होती. तरी ओरडले मी काकांवरच.

"कुठून आणलीत ही चौदा मार्च?"

काका कचेरीतल्या त्यांच्या खुर्चीत बसले होते, चेहरा पांढराफटक. "डागावरून," ते म्हणाले. "आणि गारठ्यावरून."

"ठीक आहे. आता ऐका. आपण सांगू, टंकदोष झाला. टाइप करताना चुकलं. होतं असं."

आणि इथे, जग बुडत असताना, माणसाचा स्वाभिमान कुठे जागा होतो बघा. काका ताडकन उठले.

"टंकदोष? माझा? एकतीस अधिक नऊ, चाळीस वर्षांत एक टंकदोष दाखवा मला! मी चौदा टाइप केलं, कारण मला चौदाच टाइप करायचं होतं!"

"अहो, पण मग ती चूक..."

"चूक आहे. घोडचूक आहे. पण टाइपिंगची नाही!"

मला हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात दारापाशी उभी असलेली धाकटी बोलली. आवाज चढलेला नव्हता.

"काका, मी सांगत होते ना तुम्हाला. लाल टेबलक्लॉथ. तुम्ही लिहिलंच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तिथं पण असंच होतं. माझं सगळं दुसरेच ठरवायचे. इथं तरी मला वाटलं, विचाराल."

काकांनी टोपी घेतली आणि भर दुपारी घरी निघून गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाचच्या आधी.

तिसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "अगं, तुझे काका जेवतात, झोपतात, पण माझी एकही चूक काढत नाहीत. काल डाळीत मीठ दुप्पट पडलं, गप खाल्ली. डॉक्टरला बोलावू का?" मी घडलं ते सांगितलं. मग काकू म्हणाल्या, "म्हणून माळ्यावरच्या वह्या काढून बसलेत होय! त्रेचाळीस आहेत. रद्दीत देते म्हणून मी सहा वर्षं मागे लागले आहे. आज पाहिलं तर एकीवर डोकं ठेवून बसले होते."

काकांना एक सवय होती, तीही जुन्या नोकरीतली. कागदावर पक्कं टाइप करायच्या आधी समोरचा बोलतो ते शब्दाला शब्द कच्च्या वहीत उतरवायचं. पक्का कागद झाला की कच्ची वही माळ्यावर. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन कचेरीत आले आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. धाकटीचंच बोलणं होतं. *लाल टेबलक्लॉथ आले त्या दिवशी. तारीख माहीत नाही म्हणते.* आणि बाजूला, काकांच्या अक्षरात, गारठा, डाग, आठवडे, अशी त्यांची ती बेरीज-वजाबाकी.

"हे मी शपथेवर सांगणार," ते म्हणाले.

"काका, नीट विचार करा. तुम्ही हे कबूल केलंत तर आपले जुने जबाबही उकरून काढतील. आणि तुम्हाला पुन्हा कुणी जबाब लिहायला बसवणार नाही."

"जुने मी पाहिले," काकांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "रात्रंदिवस तेच करतोय. हा सोडून सहा जबाबांत मी अशा तारखा घातल्या आहेत. चार खटले निकाली निघालेत. चारही आपल्या बाजूनं लागले, तारखेवर काही अडलं नव्हतं. दोन चालू आहेत. त्यांची दुरुस्ती आजच पाठवा." कागद माझ्या टेबलावर ठेवून ते म्हणाले, "आणि जबाब लिहायचं म्हणाल, तर मलाच आता माझी भीती वाटते."

या माणसाची मी नऊ वर्षं थट्टा केली. त्या क्षणी मला त्यांचा इतका अभिमान वाटला, की मी उठून उगाच खिडकी उघडली.

दुसऱ्या सुनावणीला काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे राहिले. अधिकारी बाईंनी विचारलं, "आपण कोण?"

"मी या जबाबाचा लेखनिक. चौदा मार्च ही तारीख माझी आहे. या मुलीनं ती दिलेली नाही. तिनं दिली होती ती खूण मी लिहिली नाही, कारण ती रकान्यात बसत नव्हती. आणि हा टंकदोष नाही, एवढं कृपा करून नोंदवून घ्यावं."

मालकाचा वकील खुदकन हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कच्ची वही हातात घेतली, ते पान दोनदा वाचलं.

"लाल टेबलक्लॉथ," त्या म्हणाल्या. "लॉन्ड्रीत काय माल आला, कधी आला, याचं रजिस्टर असेल."

"तसं काही पद्धतशीर रजिस्टर आमचे अशील ठेवत नाहीत, मॅडम," वकील म्हणाला.

"नाही?" बाईंनी फाइल चाळली आणि एक कागद वर धरला. "मागच्या वेळी तुम्हीच त्यातलं मार्चचं पान दिलंत मला. बाकीची पानंही घेऊन या. उद्या."

दुसऱ्या दिवशी रजिस्टर आलं. सगळं वर्ष पांढरं होतं: चादरी पांढऱ्या, अभ्रे पांढरे, टॉवेल पांढरे. लाल टेबलक्लॉथ एकदाच आले होते, एकोणीस फेब्रुवारीला, एकशे वीस नग, कुठल्याशा मेजवानीचे. आणि त्याच ओळीखाली देखरेख करणाऱ्या माणसानं लिहून ठेवलं होतं: *प्रेस नं. ३ दुपारी एक तास बंद.* मालकाच्या वकिलानं आपले कागद गोळा करायला घेतले.

बाईंनी आधीचा जबाब रद्द केला आणि पहिल्यापासून नवा घ्या म्हणून सांगितलं. "त्यांचा लेखनिक नको असेल तर इथला देते," त्या धाकटीला म्हणाल्या.

मी होकारार्थी मान हलवणार होते. धाकटी म्हणाली, "काकाच लिहू देत. पण मी सांगेन तसं."

काकांना तिनं एवढं माफ का केलं, हे मी नंतर विचारलं. "माफ कुठं केलं?" ती म्हणाली. "पण सगळ्यांसमोर उभं राहून 'चुकलो' म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. लिहायला तोच बरा."

तो जबाब आमच्या कचेरीत झाला. खाली सायकलवाल्याचा हातोडा चालू होता. काका वही उघडून बसले, आणि दर दोन मिनिटांनी त्यांचे ओठ हलायचे, 'ता' येतोय असं दिसायचं, आणि ते जीभ चावून पुन्हा लिहायला लागायचे. मला तो देखावा फार मजेदार वाटत होता. धाकटी हाताच्या गोष्टीपाशी येईपर्यंत.

"आठ-नऊ महिने नुसतं पांढरं," ती सांगत होती. "उठलं की पांढरं, झोपलं की पांढरं. मग एक दिवस ते गठ्ठे सोडले, तर आतून लाल. असा लाल, काका! मी पहिला प्रेसवर पसरला आणि बघतच राहिले. हात काढायचा राहिला. कुणी ढकललं नाही मला. मी रंग बघत होते. मला लाज वाटते सांगायला. म्हणून तेव्हा मी 'टेबलक्लॉथ आले' तिथूनच सुरुवात करत होते, म्हणजे पुढचं सांगता येईल. पण तुम्ही तारीख विचारायचात, मग ते राहून जायचं."

काकांनी शब्दाला शब्द लिहिलं. पक्क्या कागदावर तारखेच्या रकान्यात त्यांनी टाइप केलं, *माहीत नाही.* त्या दोन शब्दांना त्यांना अख्खं पान लिहिण्याइतका वेळ लागला. मग संपूर्ण जबाब सावकाश वाचून दाखवला, प्रत्येक ओळीला "बरोबर?" विचारत. तीन ठिकाणी धाकटीनं दुरुस्ती सांगितली. एका ठिकाणी काकांनी 'भीषण' लिहिलं होतं, ते तिनं काढायला लावलं. "मी असं कधी बोलत नाही," ती म्हणाली. काकांनी निमूट काढलं.

निकाल तीन आठवड्यांनी लागला. मी तो कचेरीत आणला, पासपोर्टही बरोबर होता. "परवाना मिळाला!" मी जिन्यातूनच ओरडले. खालचा सायकलवालासुद्धा वर आला. धाकटीनं पासपोर्टला हात लावला नाही.

"त्यात लिहिलंय का," तिनं विचारलं, "मी खरं बोलले म्हणून?"

मी पानं चाळली. होतं. सातव्या पानावर. मी ते वाचणार तोच ती म्हणाली, "थांबा," आणि टेबलावरचा फोन ओढून घरचा नंबर लावला. चौथ्यांदा. फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू यावा असा मोठा केला. पलीकडून "कोण?" आलं, बाईचा थकलेला आवाज. धाकटीनं फोन काकांपुढे धरला आणि त्या ओळीकडे बोट केलं.

वाचताना काकांनी एक शब्द खाल्ला नाही. "मी सरकारी निकाल वाचतोय, बाई. फोन ठेवू नका. 'अर्जदाराला तळघरात कोंडून जबरदस्तीनं काम करायला लावलं. तिथे वाफेच्या प्रेसखाली तिचा हात भाजला आणि तिच्यावर उपचार केले नाहीत. तिनं चोरी केल्याचा आरोप निराधार आहे. अर्जदार सुरुवातीपासून खरं बोलत आली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.'"

मला वाटलं, आईनं ठेवला फोन. मी हात पुढे केला, तेवढ्यात तो थकलेला आवाज पुन्हा आला.

"कुठला गं हात, बाळा?"

"डावा, आई," धाकटी म्हणाली, आणि आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा रडली.